दलदलीला जागा लागते

वडिलांच्या वाटणीत दादाने माझ्या तोंडाला पानं पुसली. हॉटेल त्याने घेतलं आणि हॉटेलपुढची, समुद्राकडची सखल, खारट पट्टी मला दिली. त्या चिखलात मी घर बांधलं, तर त्याने हॉटेल जपायला माझ्या घरामागे काँक्रीटची भिंत घातली. लाटा तिच्यावर आपटून परत फिरताना माझी जमीन ओरबाडून न्यायच्या. आधी माझं स्वयंपाकघर गेलं, मग अख्खं घर. मी भाड्याच्या खोलीत आले आणि त्याचं वाईट कधी होतंय याची वाट बघत बसले.

झालं एकदाचं. लाटांनी भिंतीचा पाया पोखरला आणि विमा कंपनीने हात वर केले. नवी भिंत बांधायची तर हॉटेलच विकावं लागलं असतं. दादाने बोलावलेल्या अभियंता बाईंनी स्वस्त उपाय काढला: माझ्या पट्टीवर भरतीचं पाणी येऊ द्यायचं, खारं गवत लावायचं आणि दलदल तयार करायची. दलदल लाटेचा जोर मोडते, आणि खर्च भिंतीच्या खर्चाचा दहावा हिस्सा.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या दिवशी गाढव व्हायला माझी काही हरकत नव्हती. दादा, वहिनी आणि बाई माझ्या खोलीत पलंगावर दाटीवाटीने बसले.

"चिमे, आकडा तूच सांग," दादा म्हणाला. चिमी म्हणून त्याने मला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती.

"समुद्र चढतोय," बाई मध्येच म्हणाल्या. "दलदलीला मागे सरकायला जागा लागते. नाहीतर भिंतीशी चेपून मरते ती."

"ते पुढचं पुढे बघू," दादा म्हणाला.

"मागे म्हणजे कुठवर?" मी विचारलं.

"हॉटेलच्या जेवणाच्या हॉलपर्यंत," बाई म्हणाल्या.

तो हॉल दादाचा जीव की प्राण. उद्घाटनाला सगळा गाव होता, मी सोडून.

"पैसे नकोत," मी म्हटलं. "जमीन फुकट घे. पण भिंत पाडायची, आणि हॉलही."

"सूड घेतेस?"

"हो दादा. दुसरं काय घेणार तुझ्याकडून?"

त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी हिशेब केला. "हॉल गेला तरी मागच्या खोल्या वाचतील. नाहीतर सगळंच जाईल."

त्याने सही केली.

पाडायच्या दिवशी मी खुर्ची घेऊन गेले. वहिनी रडत होती. छप्पर खाली येताना दादाने मान फिरवली.

"बघ की," मी म्हटलं. "माझं घर जात होतं तेव्हा खिडकीत उभा राहून बघत होतास."

घरी आल्यावर निदान थोडं रडू येईल असं वाटलं होतं. मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.