बटणाला भोकं असतात

बाईंनी ठकीच्या आईला शाळा सुटल्यावर भेटायला बोलावलं होतं. कडेवर दीड वर्षाचा गब्दू, त्याच्या मुठीत तिची वेणी, आणि समोर पहिलीच्या वर्गातली ती गुडघ्याएवढी बाकं. बसायचं तरी कुठे? शेवटी ती खिडकीला टेकून उभी राहिली. ठकी बाहेर दाराशी दप्तर धरून थांबली होती.

"घरी अभ्यास कोण घेतं तिचा?" बाईंनी विचारलं.

"मीच. रोज घेते. एक दिवस खाडा नाही."

"तरीच. घरून येतं ते अगदी छापल्यासारखं असतं."

"हो मग!" ठकीची आई जरा सैलावली.

"आणि वर्गात ती काहीच लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे लिहिते आणि खोडते. हात आडवा धरून लिहिते आणि कुणी बघायच्या आत खोडून मोकळी होते. काल घासून घासून कागद फाटला. विचारलं तर बोलत नाही. उत्तर येत असतं हो तिला, मला डोळ्यांत दिसतं. पण ओठ उघडत नाहीत."

ठकीच्या आईने गब्दूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "अक्षर वाकडं आलं की मी खोडते आणि परत काढायला लावते. नाहीच जमलं तर हात धरून काढून देते. आमचा धंदाच तसा आहे बाई. कपडे आल्टर करते मी. शिवण वाकडी गेली की उसवायची. वाकडं काम गिऱ्हाईक थोडंच घेणार?"

"ती तुमची गिऱ्हाईक नाही," बाई हसून म्हणाल्या, "आणि मीही नाही. मला तिची वाकडी अक्षरंच बघायची आहेत. ती दिसलीच नाहीत तर पोरीचं कुठे अडतंय ते मला कसं कळणार?"

ठकीच्या आईने गब्दूच्या मुठीतून वेणी सोडवून घेतली.

"एवढंच करा. थोडाच वेळ बसवा, पण खोडू नका. आणि काही विचारलंत ना, की थांबा. 'सांग, सांग, लवकर सांग' करू नका. ती शांतता तुम्हाला लांबलचक वाटेल, तिला मात्र ती तोकडी पडते. चुकीचं बोलली तर 'चूक' म्हणू नका. 'कशावरून गं?' असं विचारा."

"बरं," असं म्हणून ती बाहेर पडली खरी, पण वाटेत तिचा नुसता जळफळाट चालला होता. ठकीचा हात धरून ती इतकी झपझप चालत होती की पोर अर्धी लोंबकळतच होती. दोन पोरं सांभाळून मी मशीन चालवते, नवरा दिवसभर बसच्या चाकावर, तरी एक दिवस अभ्यास बुडू दिला नाही. आणि या बाई मलाच शहाणपण शिकवणार! गावच्या पोरी नापास होतात त्या अभ्यास न घेतल्याने. माझी मागे पडतेय म्हणे अभ्यास घेतल्याने!

"वर्गात बोलत का नाहीस गं?" तिने जिन्यावर विचारलं.

ठकी पायऱ्यांकडे बघत राहिली.

"बघ, आताही नाही बोलत. मुखस्तंभ कुठली!"

घर म्हणजे दोन खोल्या. आतली राहायची, बाहेरची कामाची. बाहेरच्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीभर दांडीला टांगलेले लोकांचे कपडे. त्यातला काळा कोट संध्याकाळी द्यायचा होता. एका बाईला तो घालून उद्या नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि अस्तर अजून उसवलेलंच होतं. काळ्यावर काळा धागा दिसत नाही म्हणून मशीनला चिमट्याचा एक बारका दिवा लावलेला असे. सकाळी त्याने मान टाकली होती, तेव्हा नवा सेल घालून तिने तो चालू केला होता.

"अभ्यासाला बस," ती दिव्याखाली कोट सरकवत म्हणाली. "आणि बाळाकडे लक्ष ठेव."

गब्दू जमिनीवर चिंध्यांच्या ढिगात लोळत होता. ठकी भिंतीला टेकून बसली आणि मांडीवर वही घेऊन बेरजा करू लागली. मशीनचा आवाज सुरू झाला.

"आई," थोड्या वेळाने ठकी म्हणाली.

"आधी ओळ पुरी कर, मग बोल."

"आई, गब्दूने..."

"ठके, काय सांगितलं मी? एक काम धड पुरं करायला नको!"

ठकी गप्प झाली. मशीन पुन्हा धावू लागलं. बाहीचं अस्तर जवळजवळ लागलं होतं तेवढ्यात खालून एक विचित्र आवाज आला. खोकला नव्हे. घशात काही आडवं आल्यावर येते तशी कोरडी उबळ.

तिने वळून पाहिलं. गब्दू बसला होता, मान पुढे काढून, आणि त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. त्याच्याभोवती बटणं सांडली होती. बटणं ठेवायचं पत्र्याचं झाकण त्याच्या पायाशी पालथं पडलं होतं.

तिने झडप घालून त्याला उचललं. पालथा धरून पाठीत थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून पाहिलं. काही हाताला लागेना. गब्दू रडला. आवाज निघतोय, श्वास चालू आहे, एवढं तिला बरं वाटलं. ओठ निळे पडले नव्हते. पण तो घोट गिळायला बघत नव्हता. लाळ तशीच गळत होती, आणि मधूनच तो मान वेडीवाकडी करत होता.

बटण गेलं असणार पोटात, तिने स्वतःला समजावलं. पोरं गिळतातच बटणं. उद्या-परवा येईल बाहेर. हे आले की बघू. केळं भरवलं तर खाली सरकेल. तिने फळीवरचं केळं घेतलं, सोलायलाही लागली. पण अर्धं सोलून ती थांबली.

"ठके, काय घातलं त्याने तोंडात? बटण ना? केवढं होतं?"

ठकी भिंतीला आणखीच चिकटली.

"अगं बोल ना! मोठं की छोटं? तू बघितलंस ना? लक्ष ठेव म्हटलं होतं ना मी तुला? सांग! सांग लवकर! वाचा बसली का तुझी?"

ठकीने पेन्सिल खाली ठेवली, खोडरबर उचललं, आणि ती वहीवर घासू लागली. आईकडे न बघता, खालमानेने. पहिली बेरीज, दुसरी बेरीज. सगळी उत्तरं बरोबर होती. ती एकेक करून सगळी पुसत चालली होती.

आईने ते पाहिलं. मघाशी वर्गात ऐकलेलं तिच्या डोळ्यांसमोर चालू होतं. पोर मुद्दाम गप्प नव्हती. ती भ्यायली होती, आणि ती गब्दूच्या लाळेला नव्हे, आपल्या आईला भ्यायली होती.

तिने केळं बाजूला टाकलं. गब्दूला मांडीवर घेऊन ती ठकीसमोर जमिनीवरच बसली. आवाज खाली आणला, तो आणतानाही तिला जोर लावावा लागला.

"ठकू. तू काय बघितलंस ते मला सांगशील?"

आणि ती थांबली.

मांडीवरचं पोर कण्हत होतं. त्याच्या लाळेने तिचा गुडघा भिजला होता. जिभेच्या टोकावर 'सांग, सांग' नाचत होतं, ते तिने दात आवळून मागे लोटलं. खालच्या लाँड्रीत कुणीतरी मोठ्याने हसलं. ठकीचा हात वहीवर मंदावला. मग थांबला.

"चुकलं तर?" ठकी इतक्या हळू म्हणाली की ओठांवरूनच कळलं.

"चुकलं तर चुकलं. मी नाही रागवायची."

पुन्हा शांतता. गब्दूला उबळ आली. आईने त्याची पाठ चोळली, पण नजर ठकीवरून हलवली नाही.

"बटण नव्हतं," ठकी म्हणाली.

छे, बटणांच्या झाकणात बटणाशिवाय काय असणार! ओठांवर आलेलं हे वाक्य आईने गिळलं. "कशावरून गं?"

"बटणाला भोकं असतात. त्याला नव्हती. चकचकीत होतं." ठकीने खोडरबर खाली ठेवलं. "आणि त्याच्यावर बेरीज होती."

बेरीज! इथे बाळाचा जीव वर-खाली होतोय आणि ही पोरगी अभ्यासाचं काय काढून बसली! आईच्या तोंडून शब्द निसटणारच होते. तिने पुन्हा दात आवळले.

"बेरीज म्हणजे?"

"बेरजेचं चिन्ह. अधिकचं. बाईंनी शिकवलंय." ठकीने बोटाने हवेत आधी आडवी रेघ ओढली, मग उभी.

आईने वर पाहिलं. मशीनवर तो बारका दिवा लखलखत होता. सकाळी त्याच्यातला जुना सेल काढून कुठे टाकला होता आपण? नंतर कचऱ्यात टाकू म्हणून हाताशी होतं त्या झाकणात. गोल, चपटा, रुपेरी, वर अधिकचं चिन्ह.

अशा सेलबद्दल तिने कुठेतरी ऐकलं होतं, की पोटात जाण्याआधी घशातच अडकला तर आतून जाळत जातो. खरं-खोटं तिला माहीत नव्हतं. पण ती उठली ती उठलीच. दार उघडं, मशीनचा दिवा चालू, कोट जमिनीवर. एका कडेवर गब्दू आणि दुसऱ्या हातात ठकीचं मनगट. ठकीच्या एकाच पायात चप्पल होती.

खालचा लाँड्रीवाला कपड्यांची गाठोडी गाडीत भरत होता. "भाऊ, दवाखाना! बाळाने सेल गिळलाय!" त्याने दोन गाठोडी तशीच रस्त्यावर फेकली आणि गाडी काढली. वाटेत तिने नवऱ्याला फोन लावला, तो लागला नाही. बस चालवताना तो फोन बंद ठेवायचा. डेपोत निरोप ठेवला. सिग्नलला गाडी थांबली तसा लाँड्रीवाल्याने हॉर्नवर जो हात ठेवला, तो उचललाच नाही.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "काय गिळलंय?"

"गोल सेल. दिव्यातला."

"नक्की? बटण नाही, नाणं नाही?"

आईने खाली पाहिलं. "हिने बघितलंय. विचारा तिला."

ठकीने नर्सकडे पाहिलं, मग आईकडे. "अधिकचं चिन्ह होतं," ती म्हणाली. या वेळी ऐकू येईल इतक्या आवाजात.

त्यानंतर सगळं भराभर झालं. नर्स धावतच आत गेली. एक्स-रे निघाला, दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. अन्ननलिकेत अडकलाय, ताबडतोब काढायला हवा, असं सांगून एका तरुण डॉक्टरीणबाईने सही घेतली. "काही भरवलंत का?" तिने विचारलं. "नाही," म्हणताना फळीजवळचं ते अर्धं सोललेलं केळं आईच्या डोळ्यांपुढे आलं. मग गब्दूला घेऊन गेले आणि दार लागलं.

बाकावर दोघीच उरल्या. ठकी अनवाणी पाय चप्पल घातलेल्या पायावर ठेवून बसली होती.

बाबा आला तो डेपोच्या गणवेशात, घामाने थबथबलेला. "कसा आहे? कुठेय?" आईने सांगितलं ते उभ्याउभ्याच ऐकून त्याने विचारलं, "पण बाळाजवळ होतं कोण?"

ठकीने फ्रॉकचं टोक मुठीत गच्च धरलं.

"मी," आई म्हणाली. "सेल मीच तिथे टाकला होता. ठकी मला दोनदा सांगायला आली, मी तिला गप्प बसवलं. मग तिनेच सांगितलं, म्हणून आपण इथे आहोत. नाहीतर मी त्याला केळं भरवत घरीच बसले असते."

बाबा काहीतरी बोलणार होता. चेहऱ्यावरून ते बरं नव्हतं. त्याने ते मनातच ठेवलं आणि धपकन बाकावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने ठकीचा अनवाणी पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याला लागलेली धूळ झटकत राहिला.

दार उघडलं तेव्हा तिघंही एकदम उठली.

"निघाला," डॉक्टर म्हणाले. "आत भाजलंय, पण आरपार नाही. काही दिवस नळीने दूध द्यावं लागेल, लक्ष ठेवावं लागेल. वेळेत आणलंत. बटण समजून सकाळपर्यंत थांबला असतात, तर..." आई भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना फोन केला. ठकी दोन दिवस येणार नाही म्हणून सांगितलं, का ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "बाई, खरं सांगू का, काल मी तुम्हाला वाटभर शिव्या घालत गेले होते."

"घाला हो," बाई म्हणाल्या. "बाळ कसं आहे ते आधी सांगा."

गब्दूचा आवाज बसला होता, रडला तरी कोंबडीच्या पिलासारखं बारीक चिवचिवायचा. पण तो हळूहळू सुधारत होता. ठकी शाळा सुटली की बाबाबरोबर दवाखान्यात यायची आणि खाटेशेजारी बसून अभ्यास करायची. सवय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. एकदा तिचा 'ळ' असा काही लोळला होता की आईचा हात आपोआप खोडरबराकडे गेला. ठकीने मान वर केली. आईने तो हात वळवून गब्दूची दुलई सारखी केली.

त्या संध्याकाळी ठकी पायांच्या चवड्यांवर उभी राहून भिंतीवरची पाटी वाचत होती. बोट हवेत फिरत होतं. "शां... त... ता... खा... रा. शांतता खारा."

बाबा तोंड उघडणार तोच आईने त्याच्या पायावर पाय दिला.

"खारा?" ती म्हणाली. "कशावरून गं?"

ठकीने पाटीकडे पाहिलं. पाहतच राहिली. पलीकडच्या खाटेवरची आजीसुद्धा कुशीवर वळून वाट बघू लागली. मग ठकीचे डोळे चमकले.

"राखा!" ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी किंचाळली. "शांतता राखा!"

दारातून नर्सने डोकं आत घातलं. "कोण ओरडतंय गं?"

"मी," ठकी म्हणाली.