पुढे ओनिझुकादादा, मागे हवालदार

जपानातल्या मोजी बंदरातल्या थिएटरात निशिवाकी हा बेन्शी, म्हणजे मूकपटांचा निवेदक, वीस वर्षं पडद्याशेजारी उभा राहून चित्रांना वाचा देत होता. नट नुसते ओठ हलवत. हसणं, रडणं, शिव्या, सगळं ह्याच्या गळ्यातून निघे. लोक सिनेमाला नव्हे, आपल्याला ऐकायला येतात, असं त्याचं ठाम मत होतं. आता बोलपट आले होते. मालक कुरामोतोंनी बजावलं होतं, "मास्तर, ह्या गुंडपटाला लोकांनी टाळ्या वाजवल्या तर राहाल. नाहीतर नारळ."

पहिल्याच दुपारी पुढच्या रांगेत बंदराचे ओनिझुकादादा आठ माणसं घेऊन बसले. पडद्यावरचा गुंड नेमका त्यांच्यासारखा दिसत होता, तीच मिशी, तीच वाकडी टोपी. आणि शेवटी तो पोलिसांपुढे गुडघे टेकणार होता.

मध्यंतरात दादांचा माणूस आला. "मास्तर, आमचे दादा पोलिसांपुढे वाकत नाहीत. पडद्यावरपण नाही."

"अहो, पण चित्रातच तसं आहे!"

"चित्र मुकं आहे. बोलता तुम्ही."

तो जातो न जातो तोच मागच्या, पोलिसांसाठी राखीव खुर्चीवरचे हवालदार तोकुनागा सरकारने मंजूर केलेली संहिता घेऊन हजर. "निशिवाकी, 'साहेब, मी पापी, मला शिक्षा करा.' एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तुझा परवाना गेला."

इकडे आड, तिकडे विहीर!

शेवटचा प्रसंग आला. गुंडाने गुडघे टेकले. समोरच्या पोलिसाचे नुसते बूट दिसत होते, कुणाचेही वाटावेत असे. गुंडाचे ओठ हलले. पुढे दादांनी काठी सावरली, मागे हवालदारांनी पेन्सिल उचलली. निशिवाकीने तोंड उघडलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याची दातखीळ बसली. पडद्याखाली साथ करणारे वादकही थबकले. नुसती यंत्राची घरघर राहिली.

दादांना हुंदका फुटला. "बघा रे! पोलीस कुठला, मेलेल्या दोस्ताला आठवून त्याच्या पाया पडतोय. ह्याला म्हणतात मर्द!"

हवालदार डोळे पुसत होते. "खऱ्या पश्चात्तापाला शब्द सुचतच नाहीत."

टाळ्यांनी थिएटर दणाणलं. वाचलो, असं म्हणत निशिवाकी तिथेच मटकन बसला. कुरामोतो धावत आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"मास्तर, कमाल केलीत! उद्यापासून अख्खा सिनेमा असाच दाखवायचा."

"असाच म्हणजे?"

"तुमच्याशिवाय," मालक म्हणाले, आणि मोठ्या प्रेमाने त्यांनी स्वतः त्याची टोपी आणून दिली.