वजनाला ताई

भोवऱ्याला पाच मिनिटं एका जागी बसवून दाखवा, असं त्याची ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. साठी जवळ आली, गॅरेजचं नाव झालं, तरी लहानपणी घरच्यांनी ठेवलेलं ते नाव काही सुटलं नाही. आज तर त्याच्या अंगात वारंच शिरलं होतं. पाना उचलायचा, खाली ठेवायचा, घड्याळ बघायचं, उगाच दारापर्यंत जाऊन यायचं. ताई आपल्या मुलाकडे परदेशी चालली होती, तीही कायमची. विमान गाठायला सहाची ट्रेन होती. तिला स्टेशनवर सोडेन तर वडिलांच्या जुन्या गाडीतूनच, असं त्याने तीन महिन्यांपूर्वी छातीठोकपणे सांगितलं होतं.

तीन महिने! लोकांच्या गाड्या दोन दिवसांत हातावेगळ्या करणारा हा माणूस, पण घरची गाडी कोपऱ्यात धूळ खात पडलेली. खड्डा आला की पुढच्या चाकांकडून खडखडाट व्हायचा. ती दुरुस्त झाली की ताई जायची, म्हणून हात लागत नव्हता, हे त्यालाही कळत होतं. शेवटी चार दिवसांपूर्वी त्याने पुढचा भाग खोलला. चाकांना धरून ठेवणारे लोखंडी आर्म काढले, तर त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश वाळून चुरा झालेले. बॉल जॉइंट नुसत्या बोटांनी डुगडुगत होते. त्याने सगळं नवं घातलं, आर्म घासून रंगवले, आणि आज फक्त शेवटचे नट आवळायचे राहिले होते.

"दोन घास खाऊन घ्या आधी," बायको डबा घेऊन आली होती.

"चाकं बसू देत."

"चाकं काय पळून चालली आहेत?"

"ताई चालली आहे ना!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बायकोने डबा निमूटपणे बाकावर ठेवला आणि ती घरी गेली.

मग त्याने दात-ओठ खाऊन आठही नट आवळले. चाकं चढवली, जॅक खाली घेतला आणि हात पुसत मागे सरकला. गाडी पुढून चांगली चार बोटं उंच उभी होती. त्याने बॉनेटवर भार देऊन दाबून पाहिलं. ती थोडी दबली आणि पुन्हा नाक वर करून उभी राहिली.

भोवऱ्याने कपाळावर हात मारला. नट आवळताना चाकं हवेत लोंबकळत होती. रबर त्याच अवस्थेत पकडलं गेलं, आणि आता गाडीचा भार आल्यावर पिळलं जात होतं. असंच पळवलं तर चार दिवसांत फाटणार. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गाडीत ही चूक त्याने एकदाही केली नव्हती. वडिलांची पद्धत त्याला झोपेतही पाठ होती: नट हाताने बसव, गाडी जमिनीवर टेकव, आत माणूस बसव, मगच आवळ. तो माणूस म्हणजे कायम ताई. परकर सावरत ती स्टीअरिंगमागे चढून बसायची आणि वडील खालून ओरडायचे, "वजन, हलू नकोस!" एवढ्याशा पोरीच्या भाराने फारसा फरक पडत नसणार, पण पुढे लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्यावरही ती या कामाला यायचीच. आज तिची बांधाबांध चालली असेल म्हणून त्याने बोलावलं नव्हतं.

घड्याळात साडेतीन झाले होते. त्याने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. गाडी जमिनीतल्या कामाच्या खड्ड्यावर ढकलत नेली, खाली उतरला आणि पहिला नट सैल करायला घेतला. पाना दोनदा निसटला.

"हे काय, नाक वर करून कुठे निघालीये ही?"

दारात ताई उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काठी.

"चुकलं," तो खड्ड्यातून म्हणाला. "हवेतच आवळलं."

"आणि मला का नाही बोलावलंस? अजून गेले नाहीये मी."

ताईने काठी भिंतीला टेकवली, गाडीचं दार उघडलं, सीट कुरकुरत पुढे ओढली आणि कण्हत बसली. "हं. बसलं वजन."

एकेक नट सैल होत गेला तशी गाडी हळूहळू खाली आली. वर ताई, खाली भोवरा, मधे गाडीचा पत्रा. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, दुसऱ्या बाजूचा नट आवळता आवळता तो म्हणाला, "ताई, नाही गेलीस तर नाही का चालणार?"

वर सीट कुरकुरली.

"मला चालेल रे. या गुडघ्यांना चालत नाही. रात्री पडले तर उचलायला कोण येणार? तू कुठे कुठे धावशील?"

"मी येईन."

"येशील. आणि पाच मिनिटांत परत पळशील. आवळ पुढचा. उशीर होतोय."

त्याने आवळला. डोळे बाहीने पुसले तर बाहीचं ग्रीस तोंडभर झालं. वर आल्यावर ताई त्याला बघून खळखळून हसली आणि मग हसता हसता रडली.

गुडघ्यांची पर्वा न करता स्टेशनपर्यंत तिनेच हट्टाने गाडी चालवली. खड्डे आले, पण खडखडाट कुठेच झाला नाही. "छान केलंस," ती म्हणाली. भोवरा शेजारी बसून खिडकीची काच सारखी वर-खाली करत होता.

हमालाने बॅग घेतली. ताई दाराला धरून उतरली, तशी गाडी पुढून जराशी वर आली. पेरभरसुद्धा नसेल. भोवऱ्याला ते बसल्या जागी जाणवलं.

ट्रेन गेल्यावर तो परत येऊन स्टीअरिंगमागे शिरला. सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे स्टीअरिंगला टेकले. सीट मागे सरकवायला त्याने सवयीने खालच्या दांडीला हात घातला. मग हात काढून घेतला, आणि तसाच अवघडून, गुडघे आवळून, घरापर्यंत गाडी चालवत आला.