जेवून आलेय मी

आमच्या फिजीत दारावरून कुणीही जाऊ दे, घरातून हाक येणारच, "या, जेवायला या!" आणि जाणाऱ्यानं म्हणायचं, "जेवून आलोय." अलुमिता या साध्या रीतीआड लपली होती. घरी सांगायची शेजारी जेवले, शेजारी सांगायची घरी जेवले. एखाद्या दुपारी मात्र घरात कुणी नसताना पातेलंभर दालोचे कंद एकटीच संपवायची आणि परसात केळीमागे जाऊन ओकून यायची. वर्ष झालं, कुणाला पत्ता नाही!

पोरगी वाळायला लागली तसा गावाला काढे देणाऱ्या उनाइसी आत्याच्या जिवाला घोर लागला. घरची पोर हडकुळी म्हणजे घरच्यांची अब्रूच गेली की! "जीभ दाखव गं. बघ, पांढरी पडलीय. भूक लागते?"

"नाही," अलुमिता खोटंच बोलली.

"मग माधाकेच हा. चार दिवस माझा काढा घे, कुठल्या कुठे पळेल."

दुखण्याला नाव मिळालं म्हणून अलुमिताला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. आत्या म्हणते तसंच असेल का? मग केळीमागे कोण जातं? कडूजहर काढा ती निमूट प्यायली.

चौथ्या दिवशी आत्यानं नारळाच्या दुधात मासळी शिजवली. दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "बरी झाली हो माझी पोर! काढा लागू पडला!"

आत अलुमितानं ताट चाटूनपुसून संपवलं. पाय सवयीनं परसाकडे वळले, आणि उंबऱ्यावरच अडले.

"आत्या, काढा नाही लागू पडला."

"काय बोलतेस? गावभर सांगून बसलेय मी!"

"तुझा काढा नाही चुकला गं. मीच खोटं बोलले. मी खाते आणि जाऊन ओकते. मुद्दाम."

"मुद्दाम? माझ्या हातचं गोड लागत नाही तुला?"

"खूप आवडतं."

"मग का गं बाई?"

"मलाच कळत नाही!" अलुमिता हमसून रडायला लागली.

कळलं आत्यालाही नाही. आधी ती चिडली, मग घाबरली. शेवटी पोरीला चटईवर बसवून तिचा हात जो धरला, तो ऊन उतरेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिला नर्सकडे नेलं आणि दवाखान्यात बसलेल्या साऱ्या बायांदेखत म्हणाली, "हे माझ्या काढ्याच्या आवाक्यातलं नाही. तुम्हीच बघा." वीस वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

त्याला आता सहा महिने झाले. कधी आठवडाभर बरं जातं, कधी पुन्हा केळीमागे. दर गुरुवारी अलुमिता दुपारच्या बसनं नर्सकडून परत येते. दारात आत्या उभी असते आणि परक्या वाटसरूला घालावी तशी हाक घालते, "या, जेवायला या!"

पोटात आहे ती भूक की भीती, हे अलुमिताला अजूनही उमगत नाही. पण जेवून आलेय, असं ती म्हणत नाही.

"थोडंच वाढ," म्हणते आणि दारात चपला काढते.