घासून नवा झालेला पेपरवेट

मित्रांनो, तुम्ही मला हातात घेतलंत तर परवाच दुकानातून आणलेला समजाल. मी एक जुना पेपरवेट आहे, तुमच्या पणजोबांच्याही आधीचा. पण आता हे कुणाला पटत नाही. ते का, तेवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका काचभट्टीत झाला. रंगीत काचेच्या कांड्यांच्या चकत्या कापून त्या फुलांसारख्या मांडल्या आणि वर नितळ काचेचा घुमट चढवला. एका फुलात माझं जन्मसालही आहे. तसा मी थोडा मिजासखोरच.

निजामाच्या काळात एका साहेबाबरोबर मी अंबाजोगाईच्या कचेरीत आलो. कागद दाबून बसायचं, एवढंच काम. साहेब मला रोज पुसायचे. बदली झाली तेव्हा त्यांनी मला आपल्या कारकुनाला दिलं. पुढे त्याच्या नातीच्या, जरीनाच्या घरी मी लसूण ठेचायला लागलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

जरीनाचा मुलगा अल्ताफ गावोगावच्या नव्या घरांत मशीनने फरशी घासतो. तोंडाला फार तर रुमाल. ती धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली आहे. डॉक्टरांनी बजावलं, हे काम सोडा, नाहीतर छाती कामातून जाईल. फळांचं दुकान टाकावं असं त्याच्या मनात होतं, पण हाताशी काही नव्हतं.

एकदा मोबाइलवर त्याला माझ्यासारख्याच पेपरवेटचा लिलाव दिसला, बोली लाखांत गेली होती. त्याने माझा फोटो जुन्या काचेचे पारखी बद्रीनाथ यांना पाठवला. त्यांनी कळवलं, "रंग आणि मांडणी फार दुर्मिळ वाटते. पण नकला पुष्कळ निघतात. हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. रविवारी येतो."

घरात सणासारखी गडबड उडाली. जरीनाने मला उलटा करून पाहिलं, तळावर चरेच चरे होते. तिचं तोंड उतरलं. "असलं खरडलेलं कसं दाखवावं बाबा? पोरगी दाखवतानी बी तोंड धुऊन बसवतेत."

"फिकीर करू नको अम्मी. माझं कामच हाय ते. आरशावानी करतो बघ."

अल्ताफ अंगणात बसला. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. मध्येच खोकला यायचा, मग तो थांबायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा घासायचा. इतक्या मायेने मला कुणीच हाताळलं नव्हतं. सगळे चरे गेले. मी लखलखलो.

बद्रीनाथांनी आल्या आल्या मला उलटं केलं. तळावरून बोट फिरवलं, भिंग लावलं, पुन्हा बोट फिरवलं.

"काय बघायलेत साहेब?" जरीनाने विचारलं. "लई चांगला न्हाई झाला का?"

"तळ कुणी घासला?"

"म्या," अल्ताफ हौसेने म्हणाला. "समदे चरे काढले."

"अहो, मी ते चरेच बघायला आलो होतो. वर्षानुवर्षं टेबलावर सरकल्याशिवाय ते तसे पडत नाहीत. साल काय, नकली मालातही घालतात. हा अस्सल आहे असं मला वाटतं, पण घेणाऱ्याला कशाच्या जोरावर पटवू? त्यात तळ इतका घासला की उंची कमी झाली, कडेची फुलं कापली गेली. आता गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे."

"साहेब," जरीना हळूच म्हणाली, "ते चरे परत पाडता येतेत का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मला तिच्या हातात परत दिलं. अल्ताफ आपल्या हातांकडे बघत बसला. मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

सोमवारी तो मशीन घेऊन घाटनांदूरला गेला. अजूनही जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तूच्या अंगावरच्या खुणा पुसू नका, त्यात तिचं वय असतं. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरी कुणी फरशी घासायला आलं तर खिडक्या उघडा, त्याला चांगला मास्क द्या, मध्ये मध्ये बाहेर बसवा. मला कुणी नकली म्हटलं तरी मी अजून शंभर वर्षं असाच राहीन. अल्ताफ काल मशीन उचलायला वाकला आणि धाप लागून तिथेच खाली बसला.