बावखलातल्या बाया

जीनाने आपली गुलाबी बॅग भरली, बाहेरच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी बसून राहिली. विरारच्या सातव्या मजल्यावरून ती कालच नंदाखालला आजीकडे आली होती, मेची सुट्टी घालवायला. आणि आज पप्पांना फोन करून मोकळी झाली होती : संध्याकाळी न्यायला या, इथे हडळ आहे.

तिची आजी रिटा हातातलं काम टाकून बाहेर आली. वर्षभर तिने या सुट्टीची वाट पाहिली होती.

"हडळ कुणी सांगितली तुला?"

"शकूमावशीने. म्हणाली, बावखलाजवळ, त्या केळीखालच्या तळ्याजवळ, गेलीस तर हडळ ओढून नेईल. आणि मी गेले तर पाण्यात डुबुक वाजलं."

कुंपणापलीकडे शकू शेवग्याच्या शेंगा काढत होती. "पोरीला पाण्यापासून लांब ठेवायला म्हटलं गं, रिटाबाय," ती तिथूनच म्हणाली.

"आमच्या बावखलात हडळ घालतेस? तुझ्या विहिरीत ठेव तुझी हडळ." रिटा नातीकडे वळली. "हे बघ, हडळ झाडावरची. ती पाण्यात कशाला उतरेल? गिऱ्हा असतो तो खाडीत. चकवा रस्त्यावर, तो वाट चुकवतो. आपल्या बावखलात बाया राहतात."

"म्हणजे परी?"

"परी पुस्तकातली. पंख फडफडवायचे आणि छान दिसायचं, दुसरं काम काय तिला? आमच्या बाया वीतभर उंचीच्या, काष्टा मारलेल्या. केळीच्या मुळाशी पाणी पोचलं की नाही, ते बघत फिरतात. माझी सासू त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारू द्यायची नाही. लोक आसरा म्हणतात, मावल्या म्हणतात. ती म्हणायची, घरच्या बायकांना कुणी असं लांबून बोलतं का? बाया म्हणा."

जीना बॅगेवरून जराशी सरकली. "मग मला का घाबरवलं?"

रिटाने कपाळावर हात मारला. "चूक माझीच. काल तुझ्यासाठी तांदळाचे पोळे करण्याच्या गडबडीत तुझी वर्दीच द्यायची राहिली. घरात कुणी राहायला आलं की बायांना सांगावं लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा चर्चमधून थेट तिथे नेलं होतं मला, डोक्यावरचा नेटही काढू दिला नव्हता. ते डुबुक म्हणजे त्या विचारत होत्या, ही कोण?"

"फादरना माहीत आहे?"

"फादरना कशाला? बावखल आपलं आहे."

दोघी केळीतून खाली गेल्या. मोठ्या माणसाचा हात सोडायचा नाही, हा बायांचा पहिला नियम, असं रिटाने वाटेतच बजावलं. शेवाळलेल्या पायऱ्यांच्या वर दोघी थांबल्या.

"आता नाव सांग, कुणाची कोण ते सांग आणि किती दिवस राहणार तेही. एकदा सांगितलं की फिरवायचं नाही हं. बाया त्या हिशेबाने पाणी ठेवतात."

जीनाने बराच वेळ विचार केला. रिटा केळीच्या लोंगराकडे बघत राहिली.

"मी जीना," ती हळूच म्हणाली. "मर्विनची मुलगी. रिटाची नात." मग आवाज चढवून, "शाळा सुरू होईपर्यंत आहे."

संध्याकाळी मर्विन स्कूटरवरून आला तेव्हा पायरीवर बॅग नव्हती. जीना ओट्यावर बसून पोळा खात होती.

"मला नाही येता येणार, पप्पा. बायांना सुट्टीभराचं सांगून झालंय."

मर्विनने हेल्मेट काढून आईकडे पाहिलं. "आई, हे तू माझ्या बाबतीतही केलं होतंस. मला बोर्डिंगला जायचं नव्हतं तेव्हा. 'दिवाळीला येतो असं त्यांना सांगून जा,' म्हणाली होतीस."

"आलास ना दिवाळीला?" रिटा म्हणाली.

शकू कुंपणावर हनुवटी टेकून हसत होती.

जीनाने हात पुसले, पप्पांचं बोट धरलं आणि त्यांना केळीकडे ओढू लागली. "चला लवकर. तुम्ही आल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि किती दिवस ते आधीच ठरवा, तिथे जाऊन विचार करत बसायचं नाही."

मर्विनने खिशातला फोन काढून आईच्या हातात दिला. "ऑफिसचा आला तर सांग, सोमवारी येतो," असं म्हणून तो मुलीमागे निघाला.