कोठीच्या पोटावरचं इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. जुनी म्हटलं, गंजकी नाही, नीट ऐका. नांदुऱ्याच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी वडनेर भोलजीला पुष्पाबाईंच्या घरी आले. पाच पोती गहू पोटात घेऊन मी ताठ उभी राहते. तुमचा प्लास्टिकचा डबा एका उंदरापुढे टिकत नाही.

मग घरात सून आली, योगिनी. फळा नव्हता, म्हणून ती माझ्या पोटावरच खडूने इंग्रजी लिहू लागली. गुदगुल्या व्हायच्या, पण विद्या अंगावर मिरवायला कोणाला नको? तिला एका शाळेत नोकरीसाठी धडा शिकवून दाखवायचा होता : 'माय', 'युवर' आले की 'अ' किंवा 'द' लावायचा नाही. महिनाभर ती भाकरी थापताना तेच, उदाहरणांसकट, मोठ्याने घोकत होती.

शाळेत धडा दाखवायचा, नेमका त्याच सकाळी नवा गहू आला. तो भरण्याआधी कोठी राखेने घासून उन्हात तापवायची, ही आमची रीत. पुष्पाबाईंनी मला असं घासलं की सगळा धडा मोरीत.

योगिनी रडकुंडीला आली. "आत्याबाई, माहा धडा पुसला! आता मले काहीच आठवत नाही."

"रडून काऊन राह्यली? महिनाभर माहे कान किटवले तू. आयक. पाट एकच. त्याच्यावर 'माय' बसली का 'द'नं उभं राहाचं. 'द माय बुक' म्हनलं का दोघी भांडतात, अन् बुक पडते खाली."

"अन् दोघीही पाह्यजे असल्या तं?"

"तं एकीले मांगं बसव. 'अ बुक ऑफ माइन'. माइन म्हंजे मायच, साडी बदलून आलेली."

"आत्याबाई, तुमाले इंग्रजी येते?"

"मले कायले यीन? पन कोनाले कुठी बसवाचं, थे मले कळते. चाल, बस जाईन!"

शाळेत योगिनीने दोन मुलींना एकाच खुर्चीवर बसवलं. एक घसरली, वर्ग हसला आणि धडा कळला. नोकरी मिळाली! पुष्पाबाई गल्लीभर पेढे वाटत म्हणाल्या, "शिकोलं मीच."

धडा पुसला कोणी, ते मात्र गिळून टाकलं.

म्हणून मित्रांनो, जुन्या कोठ्या भंगारात घालू नका. आणि घासण्याआधी सुनेला एकदा विचारा. पुष्पाबाई आता विचारतात. तोंड भिंतीकडे करून का होईना, पण विचारतात.